काढून टाकलेली ओळ

"मॅडम, पण यात सबक्लासची काय चूक?" असं तिने विचारलं तेव्हा एक वाजायला चार मिनिटं होती. प्रश्न अंगावर आला की मी घड्याळ पाहते, ही माझी जुनी सवय आहे, म्हणून वेळ लक्षात राहिली. पडद्यावर डावीकडे जुना कोड होता, उजवीकडे नवा, आणि मी माझं नेहमीचं वाक्य नुकतंच संपवलं होतं: "तर एका सबक्लासने असा गोंधळ घातला, आणि त्याच दिवशी मी हा क्लास बंद करून टाकला." या वाक्यावर लोक हसतात. दर वर्षी दोन बॅचेस असतात, आणि कितीतरी वर्षं प्रत्येक बॅच हसली आहे. आजही अकरा जण हसले. बारावी हसली नाही. ती दुसऱ्या टीममधून गेल्याच महिन्यात आमच्याकडे आलेली. सगळे तिला नवी म्हणतात, पण दहा वर्षं काम केलेली बाई ती, नवखी नव्हे. पेनाचं टोपण दातात धरून ती डावीकडच्या कोडकडे पाहत होती. "कन्स्ट्रक्टरमधली तिसरी ओळ बघा ना," ती म्हणाली. आवाजात खोच नव्हती. असती तर बरं झालं असतं. खोचेला उत्तर देता येतं. "चांगला प्रश्न आहे," मी म्हणाले, "जेवण झाल्यावर बघू." खुर्च्या सरकल्या, कुणीतरी दिवा लावला, आणि मंडळी डब्यांच्या गप्पा मारत कँटीनकडे गेली. मी प्रोजेक्टर बंद करायच्या निमित्ताने मागे राहिले आणि तो बंद केला नाही.

दोन वाजेपर्यंत मला वेळ होता. दोन वाजता त्याच बारा जणांसमोर उभं राहून एकतर खरं सांगायचं होतं, किंवा चौदा वर्षं सांगितलं तेच थोडं वळवून सांगायचं होतं. वळवून सांगणं अवघड नव्हतं. चार वाक्यं मला तिथल्या तिथे सुचली, चारही तांत्रिकदृष्ट्या बिनचूक. मी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले. या खोलीत मी कधी या बाजूला बसले नव्हते. इथून पडदा फार मोठा दिसतो आणि ती तिसरी ओळ बरोबर डोळ्यांच्या रेषेत येते.

आमची कंपनी ऐकू येतं की नाही हे तपासणारी यंत्रं बनवते. माणसाने कानांना हेडफोन लावायचे, हातात बटण धरायचं, टोन ऐकू आला की दाबायचं. यंत्राच्या पोटात जो प्रोग्रॅम चालतो तो जावा या भाषेत लिहिलेला आहे आणि त्यातला टोन नावाचा क्लास माझा. क्लास म्हणजे नकाशा, असं मी शिकवताना सांगते. त्या नकाशावरून यंत्र हवे तेवढे टोन बांधतं, आणि बांधायचं काम ज्या तुकड्यात असतं तो कन्स्ट्रक्टर. माझा नकाशा दुसऱ्याला थोड्या फरकाने हवा असेल तर दोन वाटा असतात. पहिली, मी नकाशा उघडा ठेवायचा. दुसऱ्याने त्यावर आपला सबक्लास उभा करायचा, माझं सगळं त्याला आयतं मिळतं, त्याने फक्त जिथे वेगळं हवं तिथे माझी मेथड, म्हणजे ते एक काम करणारा तुकडा, झाकून स्वतःची घालायची. दुसरी वाट, मी कन्स्ट्रक्टरला कुलूप घालायचं आणि बाहेर एक खिडकी ठेवायची. खिडकीवर या, काय हवं ते नाव घेऊन सांगा, तयार टोन घेऊन जा. त्या खिडकीला फॅक्टरी मेथड म्हणतात. मोठ्यांसाठी एक खिडकी, मुलांसाठी एक, प्रत्येकीवर स्वच्छ पाटी. आतलं मी केव्हाही बदलू शकते, बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. मात्र मला सुचलं नाही असं काही कुणाला हवं असेल, तर त्याला ते स्वतः करता येत नाही. त्याने खिडकीशी येऊन मलाच सांगायचं, आणि मला पटेपर्यंत थांबायचं.

हा वाद मी प्रथम घातला होता तो शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीशी. तिला ऑफिसात सगळे रेडिओ म्हणायचे, कारण काम करताना ती सतत गुणगुणायची, आणि गुणगुणत नसेल तेव्हा बोलायची. मला म्यूट म्हणायचे. आमची टेबलं एकमेकांना चिकटलेली होती; मधे एक पेनस्टँड, त्यात तिची पेनं माझ्याकडे तोंड करून आणि माझी तिच्याकडे. ती माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठी होती आणि ते सहा महिने ती पुरेपूर वसूल करायची. "मोठ्या माणसांचं ऐकावं," म्हणून माझ्या डब्यातलं चांगलं ते उचलायची. तिला सबक्लास फार आवडायचे. "अगं, दुसऱ्याने घाम गाळून केलेलं आपण हक्काने घ्यायचं आणि त्यात आपलं चिमूटभर घालायचं. याच्याहून सुख काय असतं?" मी म्हणायचे, "मग मला माझ्याच घरातलं कपाट हलवता येणार नाही. तू त्याला टेकून उभी असशील." ती म्हणायची, "मग सांग ना, बाई सरक म्हणून. सरकेन की." तिला असं वाटायचं की सांगितलं की माणूस सरकतो, विचारलं की माणूस बोलतो. आपण दोघी एकाच भिंतीला पाठ लावून बसलो आहोत एवढं तिला पुरेसं होतं. मला पुरेसं नव्हतं असं नाही. मला फक्त ते कधी म्हणता आलं नाही.

मुलांच्या तपासणीचं काम आलं तेव्हा तिने माझ्या टोनवर आपला सबक्लास उभा केला. दोनशे ओळी होत्या. मुलाच्या वयाप्रमाणे पहिला टोन किती मोठा असावा हे ती ठरवायची. चार वर्षांच्या मुलाला चाळीस डेसिबल, अशा हिशोबाने. सुरुवात किती मोठ्याने करायची हे सांगणारी माझी मेथड तिने झाकली आणि स्वतःची घातली. तिने चोख काम केलं होतं. मी तेव्हाही ते वाचलं होतं आणि मनात म्हटलं होतं, माझ्यापेक्षा नीटस लिहिते. यंत्रं एका दवाखान्यात लागली, आणि नवव्या दिवशी तिथल्या तपासनीस बाईंचा फोन आला. "तुमच्या यंत्राप्रमाणे आमच्या गावातलं एकही मूल धड ऐकत नाही," त्या म्हणाल्या. एकतीस मुलं तपासली होती, एकतिसांच्या कागदावर 'पुढील तपासणी आवश्यक' असं छापून आलं होतं.

आम्ही दोघी गेलो. एक लहानशी खोली, आतून फोम लावलेल्या भिंती, काचेचा झरोका. एक चार वर्षांचा मुलगा आत बसला होता, हेडफोन त्याच्या गालांपर्यंत आलेले. बाईंनी बटण दाबलं; पडद्यावर चाळीस दिसले. मुलगा हलला नाही. मग त्याने काचेतून आईकडे पाहिलं. आता दाबायचं का, असं विचारणारा तो चेहरा होता. आईने ओठ घट्ट मिटून घेतले होते, खूण होऊ नये म्हणून. दुसरा टोन आला तेव्हा त्याने बटण एवढ्या जोराने दाबलं की खुर्ची हलली. मुलगा बाहेर गेल्यावर रेडिओ म्हणाली, "सरक, मी बसते." पण बसले मी. दार बंद झालं की त्या खोलीत स्वतःच्या गळ्यातलं गिळणं ऐकू येतं. झरोक्यापलीकडे तिने हात वर केला, म्हणजे टोन पाठवलाय. मी वाट पाहिली. तिने तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, पुन्हा हात वर केला. मी मान हलवली. ती काचेपलीकडे काहीतरी बोलत होती, तोंड भराभर हलत होतं, आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. आज आठवताना वाटतं, नंतरची सगळी वर्षं मी त्या खुर्चीतून उठलेच नाही. पण असं वाटणं म्हणजे शोभिवंत वाटणं. खरं तर मी उठले, परतीच्या गाडीत तिच्या शेजारी बसले, तिने पुढे केलेला अर्धा पेरू खाल्ला आणि कारण काय असेल यावर दीड तास तिच्याशी चर्चा केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कारण सापडलं. दहाला मीटिंग होती आणि दहाला अकरा मिनिटं कमी होती. जावामध्ये वस्तू बांधताना आधी खालचा मजला बांधला जातो, म्हणजे माझा क्लास, आणि मग वरचा, म्हणजे तिचा. माझ्या कन्स्ट्रक्टरमधली तिसरी ओळ बांधकाम चालू असतानाच विचारत होती: सुरुवात किती मोठ्याने करायची? मेथड झाकलेली, म्हणून हाक तिच्या मजल्यावर जायची. तिथे अजून मजलाच नव्हता. वय मांडलेलं नव्हतं, पातळी ठरलेली नव्हती, आणि जावा रिकाम्या जागी शून्य ठेवते. पहिला टोन शून्यावर बांधला जायचा. मग तिचा मजला पुरा व्हायचा, पातळी चाळीस व्हायची, पडद्यावर चाळीस दिसायचे, कानात मात्र काही नाही. दुसऱ्या टोनपासून सगळं ठीक, पण एक टोन हुकला की कागदावर 'पुढील तपासणी' छापून यायचंच. ज्या मेथडला सबक्लास झाकू शकतो तिला कन्स्ट्रक्टरमधून हाक मारू नये, एवढा साधा नियम मी मोडला होता. माझा क्लास एकटा होता तोवर हे कधी दिसलं नव्हतं. एकटा असताना तो बरोबरच होता.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "बेस क्लास, म्हणजे यांचा टोन, सहा वर्षं बिनतक्रार चालतोय. नवीन काय आलंय? सबक्लास." सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. त्यात आरोप नव्हता, संशयही नव्हता. अडकलेल्या माणसाने शेजारच्याचा हात सहज चाचपावा तसं ते पाहणं होतं. मी वहीत चौकोन काढत होते. कुणीतरी मला सरळ विचारेल, मग मी सांगेन, असं मी ठरवलं होतं. हे मी स्वतःला कितीतरी वेळा सांगितलं आहे आणि ते खोटं नाही. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण प्रश्न एकामागून एक तिलाच गेले, आणि शेवटी ती म्हणाली, "माझ्याकडूनच काहीतरी राहिलं असेल. मी बघते." साहेब म्हणाले, "बघू नका. बंद करा." आणि माझ्याकडे वळून, "तुमच्या क्लासला कुणी हात लावणार नाही अशी काही सोय आहे का?" हा एकच प्रश्न मला आला. मी म्हणाले, "आहे."

त्याच दुपारी मी ती सोय केली. कन्स्ट्रक्टर खाजगी केला, बाहेर दोन खिडक्या ठेवल्या, मुलांच्या टोनचा हिशोब आत घेतला. मी चांगलं काम केलं. आजही कुणी मला ते पुन्हा करायला सांगितलं तर मी तसंच करीन. जो क्लास दुसऱ्यांनी वाढवावा म्हणून विचारपूर्वक लिहिलेला नाही तो बंदच असावा, हे मी शिकवते आणि त्यावर माझा विश्वास आहे. मला त्रास होतो तो इथेच. मी चुकीचं काही केलं असतं तर ते मला वेगळं काढून दाखवता आलं असतं. मी योग्य ते केलं, आणि ते करताना शेजारच्या टेबलावर तिच्या पडद्यावरच्या दोनशे ओळी एकदम लाल झाल्या, कारण ज्याच्यावर त्या उभ्या होत्या ते आता तिला उपलब्ध नव्हतं. गुणगुणणं थांबलं. प्रत्येक बदलाबरोबर कारण नोंदवावं लागतं. मी लिहिलं: सबक्लासकडून होणारा गैरवापर टाळण्यासाठी. नोंदीखाली माझं नाव आपोआप पडलं. तिचं नाव कुठेच नव्हतं, त्याचंही मी स्वतःला श्रेय दिलं.

ती त्यानंतर सहा महिने होती. भांडण झालं नाही. ती बोलायची, हसायची, फक्त तिचं बोलणं आता सगळ्यांसाठी सारखंच असायचं, मला वेगळं काही यायचं नाही. तिला काही हवं असलं की ती खुर्ची फिरवून विचारायची, "एक खिडकी वाढवून मिळेल का?" सुरुवातीला मला तो विनोद वाटला. मी वाढवून द्यायचे. ती "थँक यू" म्हणायची. आधी कधी म्हणायची नाही. डबा ती टेबलाशीच खायला लागली. मग एक दिवस तिने दुसरीकडे नोकरी धरल्याचं साहेबांकडून कळलं. निरोपाच्या दिवशी तिने सगळ्यांच्या नकला केल्या, माझीही केली. खुर्चीत ताठ बसून, ओठ मिटून, घड्याळाकडे पाहून. सगळे पोट धरून हसले. मीही हसले.

ती गोष्ट व्याख्यान कशी झाली ते मला नेमकं सांगता येणार नाही. पहिल्या वर्षी मी फक्त कोड दाखवला. दुसऱ्या वर्षी कुणीतरी पेंगत होतं म्हणून तपासनीस बाईंचं वाक्य सांगितलं, तेव्हा लोक हसले. तिसऱ्या वर्षी 'आमची एक मैत्रीण' होती, चौथ्या वर्षी 'एकीने', आणि मग केव्हातरी ती 'एक सबक्लास' झाली. मुलाचा चेहरा मी कधी सांगितला नाही. आणि जुन्या कोडचा फोटो मात्र जसाच्या तसा ठेवला, तिसऱ्या ओळीसकट. ती ओळ कुणाला तरी दिसावी म्हणून ठेवली, की दिसणार नाही या खात्रीने, हे मी या पहिल्या रांगेत बसूनही ठरवू शकले नाही. आई म्हणायची, या मुलीला चूक कबूल करायला सांगा, ती आधी पेन्सिल तासत बसते. पेन्सिल किती वर्षं तासता येते, त्याला काही मर्यादा नसावी. घरी माझ्याकडे दोन खोल्या आहेत, दोन कप आहेत. दादा-वहिनी आले होते तेव्हा वहिनींनी सगळी कपाटं उघडून पाहिली आणि म्हणाल्या, "वन्सं, तिसरं माणूस आलं तर तुम्ही बशीतून पिणार का?" भाची म्हणाली, "आत्याकडे तिसरं माणूस अपॉइंटमेंट घेऊन येतं." आम्ही चौघं हसलो आणि दादा पेल्यातून चहा प्यायला. मला एकटं राहणं जड जात नाही. फक्त कधीकधी ऑफिसात काही मजेशीर घडतं आणि मी मान डावीकडे वळवते. तिथे आता प्रिंटर आहे.

"जेवली नाहीस?" मॅनेजर दारात उभा होता, हातात सफरचंद. त्या मीटिंगच्या वेळी तो टेस्टिंगला होता, माझ्या समोरच बसला होता. आता टीम त्याची आहे. मी त्याला पडद्यावरची ओळ दाखवली. चार वाक्यांत सांगितलं. चौदा वर्षं तोंडातून न निघालेली गोष्ट सफरचंद खाणाऱ्या माणसाला उभ्या उभ्या सांगून झाली. तो चावता चावता थांबला, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा चावायला लागला. "बरं मग?" तो म्हणाला.

"मग दोन वाजता हे सांगणार आहे."

"कशाला गं? गोष्ट छान आहे तुझी. सगळ्यांना पाठ आहे. ती यंत्रंसुद्धा भंगारात गेली."

"गोष्ट खोटी आहे."

"शिकवण तर खरी आहे ना? मग झालं." तो हसला. "आणि नव्यांच्या समोर कशाला? त्यांना वाटेल, यांचा क्लासही चुकतो."

"चुकला होता."

"तुझी मर्जी. पण खाऊन घे काहीतरी," असं म्हणून तो गेला. तो वाईट माणूस नाही. मला एवढंच कळलं की इथे कुणाला धक्का बसणार नाही, आणि त्याने मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी ज्याला घाबरत होते ते कधी तिथे नव्हतंच. म्हणजे चौदा वर्षं कशाची वाट अडवून बसले होते?

दोन वाजता मी सांगितलं. "जेवणाआधीचा प्रश्न बरोबर आहे," मी म्हणाले, "सबक्लासची चूक नव्हती. ही ओळ माझी. ती सबक्लास लिहिणाऱ्या बाईंची चूक आहे असं सगळ्यांनी धरलं आणि मला खरं माहीत असून मी बोलले नाही." एवढंच. बारा जणांनी ऐकून घेतलं, दुपारच्या जेवणानंतर ऐकतात तसं. नवीने मान डोलावली. "म्हणजे क्लास बंद करणं बरोबर होतं," ती म्हणाली, "फक्त नोंदवलेलं कारण चूक."

"हो."

"मग नोंद दुरुस्त करायला हवी."

"जुनी नोंद पुसता येत नाही. खाली नवी लिहिता येते."

"मग नवी लिहा ना," ती म्हणाली, जसं काही मी खिडकी उघडी आहे हे विसरले होते. मागच्या रांगेतून एकाने विचारलं, "मॅडम, त्या बाई आता कुठे असतात?" मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, मला माहीत नाही. माझ्याकडे तिचा जुना नंबर होता, तो चालतो की नाही हे माहीत नव्हतं. तिला मुलं किती, ती अजून कोड लिहिते का, काही माहीत नव्हतं. "चौकशी करते," मी म्हणाले. आणि आम्ही पुढच्या स्लाइडकडे गेलो.

चार वाजता मी कोपऱ्यातली लहान मीटिंग रूम घेतली. काचेच्या भिंती, एक टेबल, चार खुर्च्या. आधी नोंद लिहिली: वरची नोंद चुकीची आहे. दोष बेस क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये होता, सबक्लासमध्ये नव्हता. बेस क्लास मी लिहिला होता. तीन वाक्यांना वीस मिनिटं लागली. पाठवली. एका मिनिटात नवीचं उत्तर आलं, 'ओके', आणि एक अंगठा. मग मी फोन लावला. तिसऱ्या रिंगला उचलला गेला. पलीकडे पोरांचा गलका होता, बाकं सरकत होती.

"अगं म्यूट?" ती म्हणाली. नंबर तिच्याकडेही राहिला होता. "जिवंत आहेस! थांब, बाहेर येते. गप्प बसा रे, पाच मिनिटं! हां, बोल. मी आता शाळेत शिकवते, माहितीये का तुला? तुला कुठून माहीत असणार."

मी सरळ सांगायचं ठरवलं होतं. "तो मुलांच्या टोनचा घोळ," मी म्हणाले. "पहिला टोन यायचा नाही तो. चूक माझ्या क्लासमध्ये होती. मीटिंगच्या आधीच मला कळलं होतं."

मागचा गलका दार लावल्यासारखा कमी झाला.

"माहितीये," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दुपारी. तू क्लास बंद केलास, माझं सगळं लाल झालं. म्हटलं बघू तरी काय केलंय बाईंनी. जुनं आणि नवं शेजारी लावलं. कन्स्ट्रक्टर खाजगी केलास, ठीक. पण ती तिसरी ओळही काढलीस. कुलूप घालायला ती ओळ काढायची काय गरज होती?" ती बोलत होती ते शांतपणे, मुलांना गणित समजावतात तसं. "माझी चूक असती तर ती ओळ तशीच राहिली असती ना. म्हणजे तुला माहीत होतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"मी? मी कशाला बोलू? तू बोलशील म्हणून थांबले होते. सहा महिने थांबले, बाई. रोज डबा उघडताना वाटायचं, आज बोलेल. घड्याळाकडे बघायचीस आणि खिडकी वाढवून द्यायचीस." ती थोडं हसली. "आज कसं काय आठवलं?"

"एकीने विचारलं. आज, शिकवताना."

"अच्छा," ती म्हणाली. "विचारलं म्हणून." ती रागावली असती तर मला पुढे काय करायचं ते कळलं असतं. "बरं केलंस सांगितलंस," ती म्हणाली, आणि तिला ते खरंच वाटत असावं, कारण आवाज उबदार होता; पण तो सगळ्यांना मिळतो तसा उबदार होता. "चल, ठेवते. पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला असेल. तब्येतीला जप हं." फोन ठेवल्याचा आवाज आला.

कुणीतरी काचेवर टकटक केली. तीन जण लॅपटॉप घेऊन उभे होते. एकाने दार किंचित उघडून म्हटलं, "मॅडम, साडेचारला रूम आमच्या नावावर आहे." मी बोट वर करून दोन मिनिटं अशी खूण केली. दार लागलं. ते बाहेरच उभे राहिले, अधूनमधून आत पाहत. मी बंद झालेला फोन पुन्हा कानाला लावला, आणि पलीकडे कुणीतरी लांबलचक काही सांगत असावं तशी मान हलवत राहिले.